शंकेचं पान

"पायाखाली काय लागतंय ते बघा, कानावर काय पडतंय ते ऐका. आणि कशालाच चांगलं-वाईट म्हणू नका," आरोग्य केंद्रातल्या बाईंनी तादेयाला बजावलं होतं. फोन घरी ठेवायचा, पोरगं घरी ठेवायचं आणि रानात सावकाश चालायचं. झोप उडून महिना होत आला होता. सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती आणि वर्षाचा लोव्रो दिवसभर सासूबाईंकडे राहणार होता. त्या विचारानेच ती रात्री उठून बसायची.

फोन घरी राहिला, लोव्रोही नवऱ्यापाशी, गाश्पेरपाशी राहिला. सासूबाई मात्र बरोबर आल्या.

"एकटी कशाला जातेस? मलाही रानलसूण हवीच आहे," म्हणत झदेन्काबाईंनी कापडी पिशवी काखोटीला मारली. आज रविवार, आणि जेवणाला लसणीच्या पानांचं सूप व्हायचं होतं. लोव्रोसाठीसुद्धा.

तादेयाने श्वास आत घेतला. टाचेखाली ओली पानं, वर कुठला तरी पक्षी...

"दोबेर दान!" समोरून आलेल्या काठीवाल्या आजोबांनी हाक दिली.

टेकडीवर कुणी भेटलं की नमस्कार करायचाच. शहरात शेजाऱ्याकडे ढुंकून न बघणारी माणसंही इथे चुकत नाहीत. तादेया पुटपुटली, "दोबेर दान." श्वासाची लय तुटली. पुन्हा धरली, तोच पळण्याचा व्यायाम करणाऱ्या दोन पोरी आल्या, मग कुत्रा, मग कुत्र्याचा मालक. त्याच्याशी सासूबाईंनी त्याच्या बहिणीच्या गुडघेदुखीपर्यंत गप्पा मारल्या.

"आई, मला जरा गप्प चालायचंय हो."

"चाल की! तोंड माझं चाललंय, पाय तुझेच आहेत ना?"

तादेयाने दात आवळले. चांगलं नाही, वाईट नाही. नुसता आवाज. पण तो आवाज तिच्या सासूचा होता, आणि नुसता कसा असेल?

ओढ्याच्या कडेला सगळा उतार रानलसणीने हिरवागार होता. सासूबाई वाकल्या आणि मुठीमुठीने पानं तोडायला लागल्या. ओढ्याचा काठ संपून कुरण सुरू होतं तिथेही त्यांचा हात थांबला नाही. कुरणाच्या कडेला पोडलेसेक उगवतो. पान अगदी तसंच, पण विषारी. दरवर्षी वसंतात सगळे एकमेकांना बजावतात आणि तरी कुणीतरी फसतंच. मोठ्या माणसाचंही काही खरं नसतं, मग लोव्रो तर वितीएवढा.

"आई, बघून तोडताय ना?"

"अगं, तुझ्या नवऱ्याला मी हेच खायला घालून मोठं केलंय. मेला का तो?"

"पिशवी ओता."

"काय म्हणालीस?"

"ओता इथे. एकेक पान बघायचंय मला."

झदेन्काबाईंच्या गालावर रंग चढला. "एवढा अविश्वास! मग उद्या पोराला माझ्याकडे सोडणार तरी कशी?"

तेच तर. तादेयाने स्वतःचं जाकीट आडव्या ओंडक्यावर पसरलं. सासूबाईंनी रागारागाने पिशवी उलटी केली.

पहिली काही पानं चुरगाळून वास घेतला. लसूण. नंतर सगळ्यालाच लसणीचा वास येऊ लागला, कारण बोटंच लसणीची झाली होती. मग डोळ्यांनीच बघावं लागलं. लसणीच्या प्रत्येक पानाला त्याचा वेगळा बारीक देठ असतो. पोडलेसेकला तसा देठ नसतो, पानं एकाच बुंध्यातून गुच्छाने येतात. तादेया देठ शोधत राहिली. हे पान, मग ते पान. मागून कुणीतरी "दोबेर दान" म्हणून गेलं, तिला ऐकूसुद्धा आलं नाही. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी सांगितलेलं सगळं विसरून ती फक्त चांगलं की वाईट, एवढंच बघत होती.

खालून एक पान निघालं. अर्धं तुटलेलं, देठाकडचा भाग नाहीच.

"लसूणच आहे," सासूबाई म्हणाल्या.

तादेयाने ते पान नुसतं त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. उजेडाकडे धरलं, उलटं केलं, नाकाला लावलं आणि वैतागून हात पँटला पुसला.

"नाही कळत," अखेर त्या म्हणाल्या. पान ओढ्यात भिरकावलं. मग तळाची, शेवटी कुरणाकडे तोडलेली सगळी मूठच उचलून त्याच्यामागे फेकली. "शंका आली की टाकायचं. पोराच्या ताटात शंका नको."

तादेया बघतच राहिली. आजवर सासूबाईंच्या तोंडून 'नाही कळत' तिने कधी ऐकलं नव्हतं. महिनाभर तिला हेच हवं होतं, आणि ते आपल्याला हवंय हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

"सूप पातळ होणार आता," झदेन्काबाई गुरगुरल्या. "तुझ्यामुळे."

"बटाटे जास्त घालू."

"मी घालीन. तू बस सूं-सूं श्वास घेत."

राग अजून दोघींचाही गेला नव्हता. परतताना तादेया गप्प चालू लागली, तर सासूबाईंनी पिशवी तिच्या हातात कोंबली.

"धर. आणि उद्या लोव्रोला लवकर आण. तू निघायच्या आधी मी त्याचं खिमट कसं करते ते बघ माझ्यासमोर उभी राहून. मग जा."

"बघीन," तादेया म्हणाली.

वळणावरून एक जोडपं वर येत होतं. या वेळी आधी तीच म्हणाली, "दोबेर दान."