टाकीतला नमुना

असत्य बोलायलाही थोडे धैर्य लागते. ज्याच्यापाशी तेवढेही नसते, तो सत्याचा सोयीचा तुकडा निवडतो आणि स्वतःस सज्जन समजतो. तेलविहिरीवरचा हा परीक्षक त्याच वर्गातला.

"चाचणीत थर पातळ यायला हवा," मुख्य अधिकारी प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाला. "चाळणी फाटलीये, पण ती बदलायला खोदकाम थांबवणार नाही मी. टाकीतला ताजा, विहिरीत न गेलेला चिखल तपासायला घ्या."

"साहेब म्हणतील तसं."

मान आणि कणा एकाच वेळी वाकविण्याचे परीक्षकाचे कौशल्य वादातीत होते.

खोदताना विहिरीत चिखल फिरवतात. त्यातले बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटी बुजवतात आणि भिंतीवर सायीसारखा पातळ, घट्ट थर धरतो. खडकाचा चुरा चाळला गेला नाही, तर थर भरड होतो. त्यातून पाणी झिरपत राहते, थर फुगत जातो आणि खोदकामाचा फिरता नळ जरासा थांबला तरी भिंतीला चिकटतो. म्हणून विहिरीतून परतलेला चिखलच तपासायचा असतो. परीक्षक नवशिक्यांना हे सुरेख अक्षरांत फळ्यावर लिहून शिकवीत असे!

त्या दुपारी नळ चिकटला. खोदयंत्रावर परीक्षकाचाच जावई होता.

"नळ थांबवलास कशाला?" अधिकारी गरजला.

"पुढचा तुकडा जोडायला थांबवावाच लागतो, साहेब. आणि थर पातळ आहे, असं मामांनीच कळवलं होतं."

"घ्या! जावईबापूंनी सासऱ्यांनाच साक्षीला काढलं," मागून कोणी तरी खिदळले.

सर्वांच्या नजरा परीक्षकाकडे वळल्या. त्याने चष्मा पुसला. स्वच्छ झालेला चष्मा पुन्हा पुसला.

"मी तपासला तो... पातळच होता."

वाक्यात असत्याचा कणही नव्हता. इतके निर्मळ आणि इतके किळसवाणे वाक्य क्वचितच उच्चारले गेले असेल.

जावयाला तिथल्या तिथे कामावरून काढले. जाण्यापूर्वी तो प्रयोगशाळेत आला.

"पोरीला मी समजावतो," सासरा पुटपुटला. "साहेब जरा निवळले की तुमच्यासाठी शब्द टाकीन."

"शब्द राहू द्या, मामा. परतीचा चिखल तेवढा तपासा. दुसरी पाळी वर मनोऱ्यावर चढलीये. नळ ओढताना काही तुटलं, तर त्यांच्याच डोक्यावर येईल."

तो गेल्यावर परीक्षकाने खरोखरच चाचणी केली. गाळणकागदावर बोटभर जाड, खरखरीत थर उरला होता. त्याने दाराकडे पाहिले. मग कागद पाण्याच्या तोटीखाली धरला आणि मोरीच्या कडेला अडकलेला चुरा अंगठ्याने हळूहळू आत लोटला.

वर उभ्या असलेल्या माणसांचे रक्षण होवो. जावयाला सन्मानाचे काम मिळो, त्या मुलीचा संसार सुखाचा होवो. आणि या वृद्धालाही, निदान एकदा, कोणाच्या तरी समोर, आपले वाक्य पूर्ण करता येवो.