साडेतेरा मिनिटांची रीळ

“अडीच मिनिटं खाल्ली कुणीतरी,” हे माझ्या कानाशी पुटपुटले. ‘कुणीतरी’ म्हणताना नजर मात्र भावजींवर.

भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. घड्याळं दुरुस्त करतात, आणि यांच्या जुन्या जर्मन मूकपटांच्या तुटलेल्या फिती गेली वीस वर्षं तेच जोडून देतात. ही रीळ यांची सगळ्यांत लाडकी. दुसरी प्रत कुठे असल्याचं ऐकिवात नाही. एक बाई सावकाश जिना उतरते, शेवटच्या पायरीवर थांबून काहीतरी बोलते. जर्मन आमच्यात कुणालाच येत नाही, त्यामुळे ती काय बोलते यावर तिघांची तीन मतं.

प्रोजेक्टर हाताने फिरवायचा. तो मान यांचाच. दर वर्षी घड्याळ लावून साडेतेरा मिनिटं. यंदा अकरातच आटोपलं. बाई तर गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी धावत खाली आली.

“तुकडे विकतोय हा. एकेका चौकटीला गिऱ्हाईक असतं,” हे मला स्वयंपाकघरात म्हणाले. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली उशीखाली गेली.

खोटं कशाला बोलू, मलाही शंका आली. भावजींच्या अंगात नवा कोट होता. हे आंघोळीला गेले तशी मी किल्ली काढली आणि फूट मोजायच्या यंत्रावरून अख्खी रीळ गुंडाळली. आठशे बारा. डब्यावरही यांच्याच अक्षरात आठशे बारा.

मग बशीत किणकिणणारा यांचा कप आठवला. शर्टाची बटणं आठवली. ‘घाईत आहे, तू लाव’ म्हणतात हल्ली. मी लावते, काही विचारत नाही.

दुपारी यांनी भावजींना समोर बसवलं. “खरं सांग. कापलीस?”

भावजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्या उजव्या हाताकडे. तो टेबलावर आपला आपण टकटकत होता.

“हो दादा. मीच कापली.”

“चालता हो. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस.”

भावजी उठले. कोट घालताना त्यांना बाही सापडेना.

“भावजी, बसा खाली.” मी यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. “अहो, मी मोजलीय. रीळ पुरी आहे. हात थरथरतो तुमचा, आणि मग पळत सुटतो.”