उचगावच्या पानावर मेलेली बनाबाई

मी हेळव्याची वही बोलतेय, आणि गोड बोलायला आलेले नाही. सदुसष्ट वर्षं लोकांनी सांगितलं ते मुकाट पोटात घेतलं. आज माझं ऐका.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. सुगी संपली की तो गावोगाव फिरतो, यजमानाच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत बसून त्याच्या पूर्वजांची नावं मोठ्यानं वाचतो, नवी जन्मलेली पोरं लिहून घेतो आणि शिधा घेऊन पुढच्या घरी जातो. १९५८ साली सिद्धाप्पा हेळव्यानं जाड कागद शिवून, वर तांबडं कापड चढवून मला बांधलं. जुन्या वहीतली मोडी नावं त्यानं बाळबोध अक्षरांत माझ्यावर उतरवली. घरात तो कानडी बोलायचा, पण यजमान मराठी, म्हणून मी मराठीत लिहिली गेले. तेव्हा मी बैलाच्या पाठीवरून हिंडत असे. आता त्याचा मुलगा यल्लाप्पा मला मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीतून फिरवतो.

माणसांच्या गमती मी खूप पाहिल्या. सातव्या पिढीचा पणजोबा वाचला की म्हातारे ताठ बसतात, जणू त्याला काल जेवायला वाढलं होतं. बायका उंबऱ्याआड उभ्या राहून ऐकतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. मुलींची नावं लिहायला सिद्धाप्पाची ना नव्हती. पण सांगणारेच ‘पोरी हायत दोन’ एवढं म्हणून सुपारी कातरायला लागायचे. दोन काय? शेळ्या?

हेळव्याचा एक नेम आहे. ज्या घरचं पान, त्या घरच्या कर्त्या पुरुषाचा शब्द. आणि प्रत्येक घरात फक्त त्याच घरचं पान उघडायचं, दुसऱ्याचं नाही. हा नेम कुणाच्या अब्रूसाठी असेल. मी सांगते, त्याच्या आडोशानं माझ्याकडून खोटं लिहून घेतलं गेलं.

उचगावच्या आकाराम यांना दोन मुलं, पिराजी आणि बनाबाई. बनाबाईला गडहिंग्लजला दिली, केरबाच्या घरी. १९८७ साली केरबा गेला. पदरात दोन मुलगे. त्याच वर्षी आकारामही वारले आणि पिराजीनं बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं, म्हणजे वडिलांच्या रानावरचा हक्क सोडल्याचा कागद. ती म्हणाली, सही करते, पण अर्धा एकर माझ्या नावावर राहू दे, पोरांना खायला लागतं. पिराजी कागद घेऊन उठला तो पुन्हा त्या दारात गेला नाही.

पुढच्या सुगीला सिद्धाप्पा उचगावात आला. नेहमीप्रमाणे त्यानं विचारलं, घरात कमी-जास्त काय? पिराजी म्हणाला, “बाबा गेलं. आनी बना बी गेली. लिवा.”

सिद्धाप्पाचा टाक थांबला, कारण आठच दिवसांपूर्वी त्यानं गडहिंग्लजला बनाबाईच्या हातची भाकरी खाल्ली होती. मला वाटलं, हा आता बोलेल. तो बोलला नाही. ‘बनाबाई वारली’ असं लिहून त्यानं शाई वाळायला मला उन्हात धरलं. त्या उन्हाचा चटका मला अजून बसतो.

मेलेल्या बाईचं कुणी काही देणं लागत नाही. पिराजीनं तलाठ्याच्या कचेरीत दिलेल्या वंशावळीत तर तिचं नावच नव्हतं. आकारामला एकच अपत्य, असं पाच शहाण्या माणसांनी शपथेवर सांगितलं. त्या पाचातल्या दोघांनी तिच्या लग्नात वाढपी म्हणून पंगती उठवल्या होत्या.

इकडं माझ्याच गडहिंग्लजच्या पानावर ही मेलेली बाई सासू झाली, आजी झाली, केरबामागे घरची कर्ती म्हणून पणतू मांडीवर घेऊन तिनं त्याचं नाव लिहवून घेतलं. एकाच वहीत, एकाच हेळवी घराण्याच्या हातानं. मधे फक्त एकोणतीस पानं.

यंदा यल्लाप्पा मला घेऊन उचगावला आला. पिराजी आता चौऱ्याऐंशीचा. त्यांच्या कुळाचा मेळावा भरणार होता आणि व्यासपीठामागे लावायला वंशावळीचा भला मोठा फ्लेक्स होणार होता. ते काम नातीकडे, अनुजाकडे होतं. फ्लेक्सवर तीनशे बारा पुरुष होते. बाई एकही नाही. कुलदेवीचा फोटो तेवढा वरच्या कोपऱ्यात.

अनुजानं मात्र हट्टानं मुली शोधायला घेतल्या होत्या. बनाबाईची ओळ वाचून तिनं आजोबांना विचारलं, आत्याआजीला मुलंबाळं होती का? पिराजी म्हणाला, काय की, लई दिस झालं. आणि तो कूस बदलून झोपला. यल्लाप्पा जेवायला बसला होता. मी खाटेवर होते. पानावर बनाबाईचं सासर गडहिंग्लज लिहिलेलं होतं, हिनं सरळ तिथली पानं उघडली. सदुसष्ट वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. बापाच्या आतेभावंडांची नावं हवीत, एवढीच तिची गरज होती. तिथं तिला २०१९ सालची नोंद सापडली. बनाबाईस पणतू, नाव तिनेच सांगितले.

मला हातात घेऊन ती जेवणाऱ्या यल्लाप्पासमोर उभी राहिली.

“काका, हे अक्षर तुमचं?”

“व्हय.”

“मग मेलेल्या बाईच्या घरी पण असंच पोटभर जेवलात काय?”

यल्लाप्पानं हातातला घास ताटात ठेवला. तो म्हणाला, “पोरी, आमचा नेम हाय. ज्याचं पान, त्याचं तोंड.”

“आणि तिचं तोंड?”

अनुजानं दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. यल्लाप्पाची गावातली बाकीची घरं व्हायची होती, तो मुक्कामाला होताच. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बनाबाईला घेऊन आली.

एकोणऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत आपल्या बापाच्या सोप्यात चढली. पिराजी उठून बसला. पाणी विचारायचं त्याला सुचलं नाही. अनुजानं माझं पान उघडून बनाबाईला ती ओळ वाचून दाखवली. म्हातारीनं ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

मग ती भावाला म्हणाली, “रान दिलं न्हाईस, त्ये सोडलं मी. पोरं मोलमजुरीनं वाढली, थांबली न्हाईत. पर मला मारलंस कशाला, येवढं सांग.”

“राग आलता,” पिराजी म्हणाला.

“अडतीस वरसं?”

तो भिंतीकडे बघत पुटपुटला, की आता मेळाव्यात माणसं काय म्हणतील. त्याला अजून माणसांचीच पडली होती.

बनाबाईनं यल्लाप्पाला टाक काढायला सांगितला. यल्लाप्पानं पेन काढलं आणि सवयीनं पिराजीकडे पाहिलं. त्याचा शब्द आला की लिहायचं.

“त्याच्याकडं काय बघतूस?” बनाबाई म्हणाली. “मेल्याली मी हाय का त्यो? मला इचार.”

पिराजीनं तोंड उघडलं नाही, हो म्हणायला नाही आणि नको म्हणायलाही नाही. मग यल्लाप्पानं मान खाली घातली आणि म्हणाला, “सांगा, आक्का.”

तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. बनाबाई, आकारामची लेक, हयात. स्वतः सांगितले. जुनी ओळ त्यानं खोडली नाही, मीही खोडू दिली नसती. खोटं कुणी लिहवलं, तेही पुढच्यांना दिसू दे.

पाणीही न पिता ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. अनुजानं फ्लेक्सवर तिचं नाव टाकलं. घरच्यांनी तो फ्लेक्स लावला नाही.

मी पुन्हा पिशवीत आहे, शिरोळकडच्या गावांना निघाले आहे. माझी शिवण उसवली आहे. माझ्यात चाळीस गावं आहेत, आणि अशा ‘वारलेल्या’ किती आहेत हे मलाही मोजवत नाही. वंशावळ काढायला बसलेल्यांनो, पूर्वजांच्या तलवारी मागाहून शोधा. आधी तुमच्या आत्यांना शोधा. कुणी वारली असं वाचलंत, तर आपल्याच घरच्या पानावर विश्वास ठेवू नका. तिच्या सासरचं पान मागा. तेही मिळालं नाही तर गाडी काढा, तिच्या गावाला जा, कडी वाजवा. दार उघडायला कदाचित तीच येईल.