अंजूचे हात

कपिल सरांना त्या शुक्रवारातून पुष्कळ काही मिळणार होतं. नागपूरच्या मोठ्या हॉटेलच्या मुख्य शेफ निकिता मॅडम आमच्या यवतमाळच्या पाककला विद्यालयात मुलांमधून एक जण निवडायला येणार होत्या. निवड झाली की पेपरात फोटो, आणि फोटोत सर मधोमध. संस्थेच्या अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची. आणि सर्वांत मोठी कमाई म्हणजे मेहुण्याचं तोंड बंद, कारण हा मेहुणा प्रत्येक लग्नात पाहुण्यांना सांगायचा, "हे आमचे जावई, पोरांना पोळ्या लाटायला शिकवतात!"

एवढ्या लाभासाठी सरांना गुंतवायचं काय होतं? पोरांची नखं, पोरांच्या दाढ्या आणि पोरींच्या बांगड्या. स्वतःच्या गाठीचं काहीच नाही. असा सौदा कोण सोडतो, वाचकहो?

सोमवारी सकाळीच सरांनी मुलांची रांग लावली. भिंतीवर नियमांचा तक्ता होता. पांढरा कोट इस्त्रीचा, केस जाळीत, नखं कापलेली, हातात धागा नको, अंगठी नको, दाढी नको. नियम चांगलेच होते, त्यांच्याशी कुणाचं भांडण नव्हतं. सर मात्र रांगेसमोरून अशा चालीनं फिरत होते जशी वरपक्षाची माणसं मांडवात फिरतात. थांबायचे, पुढं जायचे, परत मागं यायचे.

"राजदीप, दाढी!"

"सर, पुढच्या महिन्यात ताईचं लग्न आहे. फोटोत मी भाऊ कमी न् भाचा जास्त दिसीन."

"दाढी लग्नात वाढव. भाजीत पडली तर मॅडम तुले आहेरात परत देतील."

पोरं हसली. राजदीप दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन आला आणि आठवडाभर हनुवटी चाचपत फिरला.

मग सर अंजूपाशी थांबले. अंजू राठोड घाटंजीकडच्या तांड्यावरची. तिची सांबारवडी संस्थेत सर्वांत सरस. पारी पातळ, आतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, हिरवागार, तेलात एक वडी फुटायची नाही. निवड होईल ती अंजूची, हे सगळे धरून चालले होते. अंजूही. नागपूरच्या नोकरीचं तिनं याडीला, म्हणजे तिच्या आईला, फोनवर सांगूनही टाकलं होतं.

सरांनी तिचा उजवा हात पाहिला. पंजाच्या मागच्या बाजूला हिरवट ठिपक्यांचं फूल.

"हे काय? हात धुऊन नाही आली का?"

"गोंदण आहे सर. लहानपणी याडीनं जत्रेत गोंदवलं."

"मले माहीत आहे गोंदण काय असते. मॅडमले काय दिसन? मळ! तक्त्यावर काय लिहिलं? हात स्वच्छ दिसले पाहिजेत."

"स्वच्छच आहेत ना सर. साबणानं धुतले."

"स्वच्छ असणं येगळं न् दिसणं येगळं. शुक्रवारी हे दिसलं नाही पाहिजे. नाहीतर तू मागं भांडी घासायले, सांबारवडी राजदीप करन."

असं म्हणताना सरांचं बोट हवेत हलत होतं आणि त्यातला पुष्कराज चमकत होता. अंगठी नको, हा नियम ग्रहांना लागू नव्हता. गुरू बळकट करायला घातलेली ती अंगठी गेल्या कित्येक वर्षांत बोटातून निघाली नव्हती.

अंजूनं त्या दिवशी हात साबणानं पुन्हा धुतला. मग लिंबू चोळलं. मग भांड्यांची पावडर. याडी गोंदवताना म्हणाली होती, "दागिना चोर नेते, हे कोणी नेत नाही." खरंच कोणी नेईना! बुधवारी अंजूनं तारेची घासणी घेतली. कढईच्या बुडाचं जळकं जिनं निघतं, तीच घासणी. खोलीतल्या नळाखाली ती घासत राहिली, थांबून पाहत राहिली, पुन्हा घासत राहिली. कातडी गेली. ठिपके तसेच.

शुक्रवार उजाडला. सर सकाळपासून फाटक ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते फाटक येरझारा घालत होते. गाडी आली. निकिता मॅडम उतरल्या, सरांनी दिलेला बुके टेबलावर ठेवला आणि थेट म्हणाल्या, "चहा नंतर. आधी हात दाखवा सगळ्यांनी."

रांगेतले हात पुढं आले. अंजूच्या हातांत रबरी हातमोजे होते.

"आतापासूनच मोजे? काढ बेटा."

अंजू हलली नाही. तिनं सरांकडं पाहिलं. सरांनी घड्याळाकडं पाहिलं.

"काढ ना. मी खात नाही तुले."

मोजा निघाला आणि रांगेतून एकदम "अगं बाई!" असा आवाज आला. पंजाच्या मागं लाल, ओली जखम होती, आणि तिच्यामधून हिरवे ठिपके डोकावत होते.

"भाजलं असंल मॅडम," सर घाईनं म्हणाले. "किती सांगितलं तरी पोरं लक्षच देत नाहीत."

"भाजलं नाही मॅडम," राजदीप हनुवटी चाचपत बोलला. "घासलं तिनं. गोंदण मळासारखं दिसते म्हणून सोमवारी सर रागावले होते."

मॅडमनी शांतपणे स्वतःची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या चटक्यांचे काळपट डाग होते.

"सर, हे पण मळासारखं दिसते. हेही घासू का मी?"

"तसं नाही मॅडम... पाहुण्यांच्या नजरेले..."

"पाहुणा नजरेनं जेवते का? नखं कापायची, कारण नखात घाण बसते. केस बांधायचे, कारण केस ताटात पडते. गोंदणातून काय पडते, सांगा ना! हिचा हात सोमवारी स्वच्छ होता. आज ह्या उघड्या जखमेनं तो अन्नाले लावायच्या लायकीचा राह्यला नाही. तुम्ही स्वच्छतेच्या नावानं स्वच्छ हात खराब केला!"

सरांनी अंगठीचा हात पाठीमागं नेला.

"आता तुमचे हात."

"मी तर शिकवतो, मॅडम."

"भज्यांचं पीठ बोटानंच पाहता ना? अंगठी काढा."

अंगठी निघेना. साबण लावला, पीळ दिला, शेवटी राजदीपनं तेल आणून दिलं. पुष्कराज सुटला आणि खाली बोटाभोवती बेसनाचा वाळका, पिवळट थर दिसला. कोणत्या सालचं बेसन ते गुरूलाच ठाऊक. या वेळी पोरं हसली नाहीत, हेच सरांना जास्त लागलं.

अंजूनं हळूच विचारलं, "मॅडम, मी डाव्या हातानं लाटू का?"

"नाही बेटा. हा नियम खरा आहे, तो मी तुझ्यासाठी पण मोडणार नाही." मॅडमनी तिच्या जखमेकडं पाहिलं. "जखम भरली की नागपूरले ये, तुझ्या हातची वडी खाईन. पण आज एकच जागा आहे. तोवर ती रिकामी राहीन असं खोटं नाही सांगत."

सांबारवडी राजदीपनं केली. अंजू दूर उभी राहून सांगत गेली, "पारी पातळ कर... टोकं दाब... तेल तापू दे ना, घाई काहून करून राह्यला?" दोन वड्या फुटल्या, बाकीच्या जमल्या. निवड राजदीपची झाली, पण फोटोला मॅडम थांबल्या नाहीत. बातमी ऐकून तो आनंदला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. माणूस आहे.

त्या रात्री कपिल सरांना झोप लागली नाही, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. खरं मानायला हरकत नाही, कारण सोमवारी रांग लागली तेव्हा सर रांगेसमोर नव्हते, रांगेत होते. पहिलेच. हात पुढं करून.

"अंजू, ये. माझे हात तपास आधी." मग तक्त्याकडं वळून त्यांनी 'स्वच्छ दिसले पाहिजेत' मधला 'दिसले' खोडला आणि 'असले' लिहिला. "पोरी, चुकलो मी. मॅडमच्या डोळ्यांची भीती होती मले. जेवणाऱ्याच्या पोटाचा विचारच नाही केला."

अंजूनं हात तपासले. "अंगठ्याचं नख वाढलं आहे सर," ती म्हणाली. सर निमूटपणे नेलकटर आणायला गेले.

मित्रहो, आपल्या घरात, कचेरीत, शाळेत असे तक्ते पुष्कळ आहेत. नियम कुणाच्या भल्यासाठी आहे हे विसरलं, की तो दुबळ्याच्या कातडीवर चालतो आणि ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या अंगठीला वळसा घालून जातो. स्वच्छतेचा नियम जरूर पाळा, काटेकोर पाळा. पण वेगळं दिसणाऱ्या माणसाला घाण म्हणू नका, आणि तपासणी स्वतःच्या हातापासून सुरू करा!

आता शेवटचा हिशेब. राजदीपची दाढी गेली, नोकरी आली; दाढी लग्नापर्यंत पुन्हा वाढलीही. सरांचा फोटो गेला, अंगठी गेली, शहाणपण आलं. आणि अंजू? जखम भरल्यावर ती नागपूरला जाऊन आली. मॅडमनी वडी खाल्ली, वाखाणली आणि जागा निघाली की कळवते म्हणाल्या. ती अजून वाट पाहते आहे. तिच्या हातावरच्या फुलाची एक पाकळी मात्र गुलाबी वणाखाली कायमची गेली. चोरालाही जे नेता आलं नसतं, ते तिनं या धड्याची फी म्हणून भरलं. आणि शहाणे झाले आम्ही सगळे.