कुलपातले आठ कॉम्प्युटर

"पोरांनी हात लावायचा नाही, तर काय लांबून नमस्कार करायचा का?"

नव्या बाईंनी मोठ्या गुरुजींना सगळ्यांदेखत हे विचारलं, तेव्हा मी व्हरांडा झाडत होते. बारा वर्षं झाली मला या शाळेत झाडू मारायला, पण गुरुजीला असं तोंडावर विचारणारं माणूस पहिल्यांदाच बघत होते.

आठ कॉम्प्युटर येऊन वर्ष उलटलं होतं. शाळेतली सगळ्यात चांगली खोली त्यांना दिली, वर कापडी झाकणं घातली, दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली गुरुजीच्या कमरेला. आठवड्यातून एकदा मी आत जाऊन फडका मारायचे. तोही झाकणांवरून बरं का. पोरं खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहिली की हा खेकसायचा. आपण मात्र दुपारी आत पंखा लावून, टेबलावर तंगड्या टाकून घोरायचा. कॉम्प्युटरचं बटण कुठं असतं हे त्यालाही माहीत नव्हतं आणि फडक्यालाही.

"ढेकळांत लोळणारी पोरं ती," तो बाईंना म्हणाला. "बोटं लावून नासवतील सगळं. आधी पुस्तकातली माहिती पाठ होऊ द्या, मग बघू."

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी चौथीची पोरं घेऊन त्या अंगणात उतरल्या. वारा सुटलेला, नांगरलेल्या शेतांतली धूळ उडून डोळ्यांत जात होती. बाईंनी खडूनं फरशीवर चौकोन आखले. एक पोर झालं कॉम्प्युटर, बाकीच्यांनी हुकूम लिहायचे. दोन पावलं पुढं. उजवीकडं वळ. एक पाऊल पुढं. बादली उचल. लिहिलंय तेवढंच करायचं, मनानं काही नाही. एक हुकूम चुकला की पोर जाऊन भिंतीला धडकायचं आणि हसून सगळ्यांची पोटं दुखायची.

मग चूक शोधायची. बाकीची पोरं पहिल्यापासून एकेक हुकूम तपासत बसायची. लोहाराची पोरगी मात्र वेगळी. अंगानं काडी, डोळे असे की सगळे तिला ठिणगीच म्हणायचे. ती म्हणाली, "बाई, अर्धेच हुकूम चालवून बघू. तिथपर्यंत बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात. मग त्याचं परत अर्धं."

बाईंनी तिला जवळच ओढली. मला काय कळतंय, पण चूक सापडली ती पटकन, हे मी बघितलं.

गावाला मात्र हसायला विषय झाला. शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष, ज्याला स्वतःचा मोबाइल लावायला पुतण्या लागतो, तो फाटकावर येऊन म्हणाला, "बाई, पोरांना बैलासारखं हाकता, याला कॉम्प्युटर म्हणतात होय?"

गुरुजीला तेवढंच हवं होतं. त्यानं वर अर्ज केला की बाई शिकवत नाहीत, उड्या मारायला लावतात, यांची बदली करा.

चौकशीला साहेब यायचे ठरले, तसा हा लगीनघाईला लागला. झाकणं काढली. पोरांना अंघोळी घालून आणा म्हणून निरोप धाडले. "संगणक हे एक उपयुक्त यंत्र आहे," एवढं त्यांच्याकडून शंभरदा घोकून घेतलं. साहेब आले, बसले, पोरांनी एका सुरात म्हणून दाखवलं. साहेबांनी जांभई दिली आणि म्हणाले, "चालू करा."

गुरुजीनं ऐटीत भिंतीवरचं बटण दाबलं. खट्! पंखा थांबला, दिवा गेला. मीटरजवळचा खटका वर केला, तो परत खाली पडला. तिसऱ्यांदा तेच. त्याच्या कपाळावरून घाम गळायला लागला.

"बाईंच्या पोरांनी काहीतरी केलं असणार, साहेब!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "गुरुजी, वर्षभर पोरगं सोडा, उंबऱ्याआत मुंगी येऊ दिली का तुम्ही?"

साहेबांना त्याचं काही नव्हतं. ते मोबाइल काढून म्हणाले, "असू दे हो. पोरांना समोर बसवा, बंद असले तरी फोटोत कुणाला कळतंय!" एकाच माळेचे मणी दोघं.

तेवढ्यात ठिणगी उठली. "बाई, अर्धे काढा ना."

बाई समजल्या. त्यांनी आठही कॉम्प्युटरच्या पिना भिंतीतून उपसल्या, चारच परत लावल्या आणि खटका वर केला. टिकला. मग ते चार काढून उरलेल्या चारांतले दोन लावले. खट्!

"या दोघांतच आहे," ठिणगी म्हणाली. "आता एकच लावा."

एक लावला. टिकला. म्हणजे दुसरा, भिंतीकडचा. वर्षभर ओलीत उभा राहून तो आतून कुजला होता. तो बाजूला ठेवला आणि बाकीचे सात पडदे निळे उजळले. पोरं ओरडली, पण जागची हलली नाहीत. हात लावायची सवयच नव्हती ना.

"हे कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"बाईंनी. अंगणात," पोरगी म्हणाली.

बाईंनी संधी सोडली नाही. "साहेब, खोली रोज उघडी राहील, एवढं लिहून द्या." साहेबांना जेवायची घाई होती. त्यांनी लिहून दिलं, किल्ली बाईंना द्यायला लावली आणि बदलीचा अर्ज घडी घालून खिशात टाकला. जाताना फोटो तेवढा काढला. गुरुजी मधोमध, छाती काढून.

तोच फोटो वर गेला आणि गुरुजीचं नाव आदर्श मुख्याध्यापक म्हणून पुढं आलं. आता बोला! फक्त पुरस्काराचा एक अर्ज भरायचा होता, तोही कॉम्प्युटरवरच. बाई रजेवर होत्या. शाळा सुटल्यावर तो ठिणगीच्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाळ, एवढं भरून दे."

तिनं त्याचं नाव टाकलं, गाव टाकलं, नोकरीची वर्षं टाकली. मी कोपरा झाडत होते.

"गुरुजी, पुढं विचारलंय, तुम्ही मुलांना काय शिकवलं." ती बोटं कळांवर ठेवून बसली. "सांगा, काय लिहू?"

गुरुजीनं छताकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग माझ्याकडं.

माझी सगळी खोली झाडून झाली, पोरगी अजून बोटं ठेवून बसलेलीच होती.