पाठीवरचे ठिपके

कपाळ: काळं.
छाती: काळी.
पाठ:

(थांबा. पाठीआधी थोडं सांगायला हवं.)

माझा नवरा ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होता. नऊ महिन्यांपूर्वी वितळलेलं लोखंड उडालं आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठ भाजली. मांडीची पातळ कातडी काढून तिथं बसवली. घामाच्या ग्रंथी खोल असतात, गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या. मांडीच्या मांडीतच राहिल्या. पाठीच्या जळाल्या. घाम नाही तर अंग निवत नाही, भट्टीपुढे माणूस आतून शिजू शकतो. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं.

"कळलं," तो म्हणाला. "भट्टीवर कधी जाऊ?"

म्हणून ही तपासणी. अंगाला आयोडीन, वर स्टार्चची पूड, गरम खोली. घाम फुटला की काळं पडतं. पाठ कोरडी राहिली तर भट्टी कायमची बंद, गेटवर खुर्ची.

"येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत बसू? त्यापेक्षा लोणचं घाल माझं."

डॉक्टरीणबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या.

"पर्समधली बाटली काढ," तो पुटपुटला. इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची, फवाऱ्याची. "लांबून मार. बारीक पडू दे."

त्याची छाती मला दिसत होती. काळे ठिपके, सुईनं टोचल्यासारखे. घामाच्या प्रत्येक भोकाचा वेगळा. पाठ मात्र सुकी, पिवळट.

मी फवारा मारला.

नाही. मारला नाही. झाकण काढलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि भिंत सारवावी तसा हात फिरवला. वरपासून खालपर्यंत एकच काळं. ठिपका एक नाही.

"झालं?"

"झालं."

"नीट ना?"

"काळीकुट्ट."

डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा लावून वाकल्या. माझ्या ओल्या हाताकडे पाहिलं. "घाम असा थापल्यासारखा येत नाही हो," एवढंच म्हणाल्या.

पाठ: पाणी लावलेलं. घाम नाही. भट्टीसाठी अपात्र.

जिना उतरून खाली आल्यावर तो म्हणाला, "एक काम सांगितलं होतं. धांदरट ती धांदरटच."

"घाई झाली," मी म्हटलं.

त्याला हात वर नेता येत नाही. मी त्याच्या शर्टाची बटणं लावत होते. तो माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होता.

"पुन्हा तपासणी मागतो," तो म्हणाला. "या खेपेला माझ्या ताईला आणतो. तिचा हात हलका आहे."