घरात कुणाला भुलीचा त्रास?

माझ्या मुलीला घरात आम्ही ठकी म्हणतो. पस्तीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई आहे, तरी ठकीच. मुलांना अंगावर पाजून आणि मग वीस किलो वजन उतरवून तिची छाती ओघळली होती. ती तिला शस्त्रक्रियेने नीट करून घ्यायची होती. हे तिने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता इतक्या सरळ सांगितलं, की मीच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. शेजारणीला मी सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत. ठकीला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, बरंच वर सरकलंय गं माझं पित्ताशय."

मला हसू आलं नाही. बत्तीस वर्षं मी पहिलीच्या मुलांना शिकवलं. खोटं बोलणाऱ्याला मी कधी मारलं नाही. जवळ घेऊन, दम न देता, खरं बाहेर येईपर्यंत वाट पाहायचे. आणि मीच शेजारणीला खडे दाखवत होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी बोलावलं. खोली लहान, टेबलावर एक फॉर्म, बाईंच्या कानामागे पेन. त्या समजावून सांगायला लागल्या आणि मला त्यांचं शिकवणं आवडलं.

"भूल म्हणजे झोप नाही बरं का. झोपलेल्याला चिमटा काढला तर तो उठतो. भुलीतला उठत नाही. म्हणून तुम्ही भुलीत असेपर्यंत तुमचा श्वास, नाडी, अंगाची ऊब, सगळ्यावर मी नजर ठेवते. मी तिथून हलत नाही."

"नुसती जागा बधिर करून नाही का होणार?" ठकीने विचारलं.

"छोटं काम असेल तर होतं. जागा बधिर करायची आणि थोडी गुंगी द्यायची. तुमचं दोन्ही बाजूंचं, तीन तासांचं काम आहे. पूर्ण भूल बरी. याआधी कधी घेतली होती?"

"नाही. दोन्ही बाळंतपणं सरळ झाली."

मग प्रश्न सुरू झाले. सिगारेट? गोळ्या? दमा? हलणारा दात? ठकी पाढे म्हणावेत तशी नाही, नाही, नाही म्हणत होती.

"घरात कुणाला भुलीचा त्रास? भुलीत कुणी अचानक गेलं, खूप ताप चढला, अंग कडक झालं, असं काही?"

"नाही," ठकी म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. तिला माहीतच नव्हतं. माहीत मला होतं.

माझी थोरली बहीण एकोणीस वर्षांची असताना गेली. लग्न झालं नव्हतं आणि दिवस गेले होते. वडिलांनी तिला दुसऱ्या गावी, ओळखीच्या दवाखान्यात नेलं. ती माझा हात सोडेना, म्हणून मलाही नेलं. मी चौदाची. बाहेरच्या बाकावर बसले होते. आतून एक नर्स धावत बाहेर आली आणि बर्फ मागू लागली. म्हणाली, "पोरीचं अंग लाकूड झालंय, आणि भट्टीसारखं पेटलंय." तासाभरात ताई गेली. परत येताना वडील एवढंच बोलले, "कुणी विचारलं तर सांगायचं, तापाने गेली." ताप होताच. त्यामुळे ते खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी तेच सांगत आले. नवऱ्याला, ठकीला, सगळ्यांना.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. "आजी, तुम्हाला काही आठवतंय?"

उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. मान खाली घालून बोटं मोजत बसतात. मीही तशीच बसले. "नाही," म्हणाले.

पुढच्या ओळीवर खूण झाली. मध्यरात्रीनंतर खायचं नाही, सकाळी दोन तास आधी पाणीसुद्धा बंद, हे सगळं ठकीने लिहून घेतलं.

मी स्वतःची समजूत घातली. तेव्हाची औषधं वेगळी होती. तो दवाखानाच भिकार होता. आणि ताईचं काय झालं ते कळलं, तर विचारतील, कसली शस्त्रक्रिया होती? खरं सांगायचं तर मला एवढीच भीती होती. मुलीच्या जिवापेक्षा मला तो एक शब्द जड वाटत होता.

सकाळी ठकी मागे नाड्या बांधायचा हिरवा अंगरखा घालून खाटेवर बसली होती. नर्स आली आणि पुन्हा तेच प्रश्न. ठकी वैतागली. "काल सांगितलं की सगळं!"

"आम्ही परत परत विचारतो, ताई. पहिल्यांदा माणूस विसरतो," नर्स म्हणाली. "घरात कुणाला भुलीचा त्रास?"

"नाही हो."

"होता," मी म्हणाले.

दोघींनी वळून पाहिलं. "माझी बहीण. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टरबाई आल्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. काय झालं होतं, किती वेळात, अंग कुठून कडक झालं, एकेक करून विचारत गेल्या. मग तो प्रश्न आला. "कसली शस्त्रक्रिया होती?"

"गर्भपात," मी म्हणाले. "तिचं लग्न झालं नव्हतं."

दुसरं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं, आणि लिहिलंही नाही.

"आज भूल द्यायची नाही," त्या ठकीला म्हणाल्या. "काही जणांना भुलीचे ठरावीक वायू आणि एक इंजेक्शन चालत नाही. अंग आतून पेटतं. हे रक्तातून पुढे येऊ शकतं. तुमच्या मावशीला तेच झालं होतं का, ते आता खात्रीने नाही सांगता येणार, पण तेच होतं असं धरून मी चालणार. तुमच्यासाठी वायू न वापरता नुसती शिरेतून भूल देता येते. त्यासाठी मशीन वेगळं तयार करावं लागतं, उतारा हाताशी लागतो. तपासणीही करून घेऊ. तुमच्या मुलांच्या कागदांवरही हे लिहून ठेवा."

त्या गेल्यावर ठकी मागे हात नेऊन अंगरख्याच्या नाड्या सोडायला लागली.

"काल तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतीस," ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी तुलाही विचारलं होतं."

"हो गं."

"मग?"

मी म्हणाले, "लाज वाटली."

"माझी?"

"तुझी. तिची. आता माझी."

तिने कपडे बदलले. मला मदत करू दिली नाही. खाली कँटीनमध्ये जाऊन तिने चहा आणि पाव घेतला. रात्रीपासून उपाशी होती, घाईघाईने खाल्लं. माझ्यासाठी काही मागवलं नाही. मीही मागितलं नाही.

पाव संपल्यावर ती म्हणाली, "मुलांना तूच सांगायचं. मावशीआजी कशी गेली ते. ताप-बिप नाही. जे झालं ते. कसं सांगायचं ते तुला येतं."

"सांगेन."

"आणि ती होती कशी? मला फक्त ताप माहितीये."

एवढी वर्षं ताईबद्दल बोलायची वेळ आली की मी ताप सांगून विषय बदलत आले होते. आता तिचा आवाज आठवायला गेले तर आठवेना. हसणं आठवेना. ठकी वाट पाहत होती, दम न देता.

"डावखुरी होती," मी शेवटी म्हणाले. "लिहिताना सगळी शाई हाताला लागायची. मग ती माझ्या फ्रॉकला पुसायची."

"अजून?"

"थांब," मी म्हणाले. "आठवू दे."